तार काढलेल्या यंत्राने धरलेली लाइन

भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा आम्ही घरातल्या देवांचीच रवानगी केली, तिथे भुतांना कोण विचारतो? म्हणूनच हे लिहिताना मला माझाच राग येतो आहे.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी अकोल्याच्या एका दैनिकात टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून बातम्या धाडणारं टंकयंत्र, चालवत असे. अकोला, अमरावती आणि दर्यापूर — आमच्या तिन्ही कचेऱ्यांची यंत्रं एकाच तारेवर. एकाने खटका खाली करून लाइन धरली की बाकीच्यांची बटणं दबत नसत. काम झालं की खटका वर करून लाइन सोडायची. इतकं साधं.

त्या खंडेनवमीला मी यंत्राला हळदकुंकू लावलं नाही, नारळ फोडला नाही. आठवड्याभरात यंत्र अडकून बसलं! मोटर सुरू, बटणं घट्ट. आमचे हेड कंपोझिटर नानाजी, म्हणजे ओळीला दोन चुका करून जगाला धर्म शिकवणारा माणूस, लगेच म्हणाले, “तायडे, तू पूजा नाई केली, म्हून मशीन रुसलं.”

“नानाजी, विलायतेचं लोखंड हाये थे. अकोल्याच्या नारळासाठी कायले रुसते?”

मालक त्यांच्याहून शहाणे! म्हणाले, “शनिवारपावेतो चालू नाई झालं, तं नारळ फोड. फोडाचा नसन, तं घरी बस.”

घरात बायको, दोन पोरं, म्हातारी आई. तरीही नारळ फोडणार नव्हतो. यंत्र खोलून पुसलं, तेल घातलं, फ्यूज बदलला... व्यर्थ. शेवटी अमरावतीला फोन केला तेव्हा कळलं की त्यांचीही बटणं घट्ट आहेत, म्हणजे लाइन दर्यापूरने धरली आहे. पण तिथला वार्ताहर नोकरी सोडून गेला होता! मी जादा किल्ली घेऊन एसटीने दर्यापूर गाठलं, कुलूप उघडलं. साहेब खटका खाली ठेवूनच पसार झाले होते. म्हणे यंत्र रुसलं! मी खटका वर केला, तार काढून टाकली आणि ते यंत्र पोत्यात घालून अकोल्याला आणलं.

शनिवारी सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. मी ऐटीत सांगितलं, “भूत नाई, दर्यापूरचा वेंधळेपना,” आणि बातमी पाठवू लागलो. अर्ध्या ओळीत बटणं घट्ट.

फोनवर अमरावतीचा ऑपरेटर खेकसला, “अबे, त्या दर्यापूरवाल्याले लाइन सोडाले सांग! कावून धरून बसला?”

दर्यापूरवाला माझ्या टेबलाखाली पोत्यात होता. ना तार, ना वीज.

पोतं उघडलं. मी स्वतः वर केलेला खटका खाली होता. मी तो वर केला — आणि माझी बटणं मोकळी झाली.

सगळ्यांसमोर यंत्र पुन्हा अडकलं होतं, तेव्हा नोकरी गेलीच असं मी धरून चाललो होतो. पण मालकांनी चक्क हात जोडले. “तायडे, तू कुठी जाऊ नको बाप्पा. हे मशीन दुसऱ्या कोनाच्या हाती द्याचं नाई.” नानाजी तर भिंतीला चिकटले होते.

पुढे मी ते दर्यापूरचं यंत्र स्क्रू न् स्क्रू सुटा करून पाहिलं. काही सापडलं नाही. तारेवाचून त्याने लाइन कशी धरली, मला आजही सांगता येत नाही. नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत टिकली... आणि ती माझ्या कामामुळे टिकली, असं मला एकदाही छातीठोकपणे म्हणता आलं नाही.