फोटोतली पडलेली तोंडं

आमच्या अल्बममध्ये तीन सहली आहेत आणि तिन्हींत आम्ही कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे उभे आहोत. पचमढीच्या दरीपुढे बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण, तिघांचीही तोंडं पडलेली. चिखलदऱ्याला तीच तऱ्हा. पुरीच्या समुद्रात गुडघाभर पाण्यात आहोत, मागून लाट येते आहे, आणि चेहरे एरंडेल पाजल्यासारखे. माझी मुलगी अल्बम काढून बसली की हमखास विचारते, "पप्पा, तुमाले मारूनमुटकून नेलं होतं का फिराले?"

कुणी मारून नेलं नव्हतं. आम्ही त्या तिन्ही ठिकाणी पोट दुखेपर्यंत हसलो होतो. फक्त फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला की बाबा हळूच दटावायचे, "हासू नोका बरं. तुमची माय पाहीन."

आई कधीच बरोबर नसायची. वडनेरजवळच्या आमच्या घरी गोठ्यात एक म्हैस होती आणि ती आईशिवाय कुणाच्याही हाताला पान्हा सोडत नसे. दुधाचा रतीब हिंगणघाटच्या एका हॉटेलाला, त्यात खाडा चालायचा नाही. बाबांनी एकदा आईचं लुगडं अंगावर घेऊन, डोक्यावर पदर ओढून धार काढायचा प्रयत्न केला. म्हशीने मान वळवून या नव्या सुनेकडे पाहिलं आणि बादली लाथाडली. पुढे म्हशी बदलल्या, पण प्रत्येक म्हशीला आईचाच हात लागायचा. बाबांच्या पायाला मात्र भिंगरी. कापूस एकदाचा जिनिंगला गेला की ते घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. शेवटी आईच म्हणायची, "जा बावा पोरायले घेऊन. मी राह्यते घरी."

ती आनंदाने म्हणायची, पण बाबांना ते लागायचं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. परतीच्या गाडीत हिंगणघाट जवळ आलं की आमची उजळणी सुरू व्हायची.

"घरी गेल्यावर काय सांगान?"

"काई नाई तिथं पाहासारखं," आम्ही एका सुरात.

"शाबास. चांगलं होतं म्हनान तं तिचा जीव तुटते."

कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात ती मिळाली नाहीत म्हणून. आम्ही मनसोक्त खाऊन येऊन ती आंबट असल्याची ग्वाही देत होतो. पचमढीत काय होतं? डोंगर, आपल्या टेकडीवानीच. चिखलदऱ्याला? नुसती थंडी, ढगात आपलाच हात दिसत नाही. समुद्राबद्दल तर बाबांनी कमालच केली. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "पानी हाय. पन खारं. ढोरायलेबी पाजता येत नाई." शेजारी बसलेल्या बहिणीच्या तोंडून निघालंच होतं, "पन बाबा, लाट आली तवा..." बाबांना असा खोकला आला की आई पाणी आणायला धावली.

फोटो धुऊन आले की आई ते चुलीपुढे बसून पाही. आमची पडलेली तोंडं बघून तिला आमचीच कीव यायची. "अगाई, किती हाल झाले पोरायचे," म्हणायची. "बरं झालं मी नाई आली." मग ती आमच्या आवडीची झुणका-भाकर करायची आणि बाबा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. बाबांचा आईवर फार जीव होता. पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटू नये, म्हणून हे आधीच सांगतो.

यथावकाश बहिणीचं लग्न झालं, मी नोकरीसाठी हिंगणघाटला बिऱ्हाड केलं, आणि आईला गोठा झेपेना तेव्हा शेवटची म्हैस विकली. गोठा रिकामा झाल्याच्या आठवड्यातच मी पुरीची तिकिटं काढली. बाबा तर नवी चप्पल घेऊन आले. आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

"काय हाय तिथं? खारं पानी. कायले पैशे वाया घालतं?"

मी समुद्राचं वर्णन केलं. बहिणीने फोनवरून केलं. ज्या गोष्टी पूर्वी घशात दाबल्या होत्या त्या सगळ्या बाहेर काढल्या. आईला वाटलं, आम्ही तिला फुसलावतो आहोत. "तुमी मले लहान पोरगी समजता का?" ती हसत म्हणाली. "तुया बाप एवढा फिरला, त्याले कुठंच काई दिसलं नाई. मले काय दिसनार हाय?"

हा रुसवा असता तर आम्ही काढला असता. पण तिचा खरोखरच विश्वास बसला होता की आपल्या शिवारापलीकडे जग आहे ते नुसतं दगदगीचं. तो विश्वास आम्हीच, सहली करकरून, तिच्यात भरला होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. ते नव्या चपलेचा पट्टा उगाच सैल करत बसले. मी तिकिटं रद्द केली. त्यानंतर बाबाही कुठे गेले नाहीत.

गेल्या वर्षी आईच्या हृदयाचं दुखणं निघालं. सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, औषधं नियमित घ्या, लांबचा प्रवास आता नको. दवाखान्यातून निघताना आई म्हणाली, इथवर आलोच आहोत तर महाकाळीचं दर्शन घेऊ. जवळच आहे म्हणून आई-बाबांना घेऊन मी गाडी तिकडे घेतली. पावसाळा नुकताच सरला होता. देवळाजवळून धाम नदीचं धरण दिसतं, ते काठोकाठ भरलेलं होतं. आई काठी टेकत पुढे गेली आणि थबकलीच.

"माय वो! केवढं पानी!"

किती तरी वेळ ती बघत होती. मग बाबांना म्हणाली, "तुमचा थो समुद्र असाच होता का वो?"

मला वाटलं, बाबा हो म्हणतील. म्हणावं असंही वाटलं. आता खरं सांगून कुणाचं भलं होणार होतं? पण बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "नाई. त्याले पल्याडचा काठच नसते. जिकडं पाहाव तिकडं पानी. लाट वापस जाते नं, तं पायाखालची रेती ओढून नेते, तयव्याले गुदगुल्या होते. पोरगी तं एवढी हासली का पान्यातच बसली. मीबी लय हासलो."

आई त्यांच्याकडे वळली. "मंग फोटोत तोंड पाडून काऊन उभे होते?"

"तुले वाईट वाटू नये म्हनून."

आई चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. पदराने तोंड पुसून तिने पुन्हा पाण्याकडे पाहिलं आणि एखादी साधी घरगुती गोष्ट सांगावी तसं म्हणाली,

"चार दिस रेडकू सोडलं असतं म्हशीले प्याले. रतीबवाल्यायले नाई म्हनलं असतं. सांगतलं असतं तं मीबी आली असती नं वो."