वाट बघणारा म्हातारा

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांत त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा. सायरन बंद पडला तरी याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं की रस्ता मोकळा. असा हा भोंगा आता तोंडाला कुलूप लावून घरी बसला होता. गेल्या महिन्यात एक सुतार त्याच्या गाडीतच गेला, हॉस्पिटलच्या अगदी अलीकडच्या चौकात. भोंग्याने पुलावरचा रस्ता धरला होता आणि पूल तुंबला होता. डॉक्टर म्हणाले, तुझी काही चूक नाही. पण ऐकतो कोण! हात काही स्टिअरिंगला लागेना. शेवटी साहेबांनी निरोप धाडला: आज संध्याकाळपर्यंत काय ते सांग, नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो.

लेकीचं वेगळंच. ती व्हिडिओ गेम खेळून त्यांचे गुणदोष लिहायची आणि त्यावर तिचं बरं चाललं होतं. हे कसं काय, ते भोंग्याला कधी उमगलं नव्हतं. सध्या एका नव्या गेमवर जगभरचे लोक तुटून पडले होते, म्हणे.

“बाबा, मला तुमच्यासारखा अगदी कोरा माणूस हवाय,” ती म्हणाली. “खेळा, आणि काय आवडलं, काय खटकलं ते सांगा.” आणि तिने रिमोटसारखं काहीतरी त्याच्या हातात कोंबलं.

पडद्यावर जंगल, जादूटोणा, उडणारे राक्षस, सगळा मालमसाला. भोंगा घोड्यासकट थेट झाडावर आपटला. मग हळूहळू जमायला लागलं.

“घोडा वळण झकास घेतो. गुण लिही. पण झोळीत डझनभर तलवारी आणि वर शेगडी घेऊन हा गडी पळतो कसा? हा दोष.”

लेक खूश. बऱ्याच दिवसांनी बाबा इतकं बोलले होते.

तेवढ्यात वेशीवर एक मुलगी आडवी आली. आजोबा शेवटच्या घटका मोजताहेत, डोंगरावरची मुळी आणून द्या, लवकर या. भोंगा ताठ बसला. गुहेतल्या सोन्याकडे ढुंकूनही न बघता घोडा दामटला, मुळी उपटली. पुलावर बैलगाड्या आडव्या आल्या तेव्हा “ए, बाजूला घे!” म्हणून असा ओरडला, की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. शेवटी पोचला. म्हाताऱ्याने मुळी तोंडात घातली, “उशीर झाला, बाळा,” म्हणाला आणि मेला.

भोंग्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. या वेळी नदीकाठाने गेला. म्हातारा मेला. मग वाटेत कुठेही न थांबता गेला. तरी मेलाच.

“बाबा, ते ठरलेलंच आहे,” लेक म्हणाली. “तुम्ही पोचलात की तो मरतो.”

“आणि गेलोच नाही तर?”

“तर वाट बघेल.”

हे काही त्याच्या पचनी पडेना. मुद्दाम मासे पकडत बसला, धर्मशाळेत झोपा काढल्या, गेममधला उन्हाळा संपून बर्फ पडायला लागला. परत येऊन बघतो तर मुलगी तिथेच हात चोळत उभी. लवकर या, लवकर या. म्हातारा आत कण्हतोय. भोंगा उखडला.

“मग माणसाचा जीव खालीवर कशाला करायचा? लिही, दोष. मोठा दोष.” लेकीने टाइप करायला घेतलं. “थांब, खोड ते. तेवढा वेळ बिचारा जगतोय ना? गुण लिही.” तिने गुण लिहिलं. “नाही, पण...” डोक्याचा पार भुगा झाला होता.

मग त्याने हळू आवाजात विचारलं, “इतके जण खेळले. कुठकुठल्या वाटांनी गेले असतील. एकही वेळेवर पोचला नाही?”

“एकही नाही, बाबा.”

भोंगा रडला. महिनाभर डोळ्यात टिपूस न आलेला माणूस शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा रडला. बरं वाटून रडतोय की वाईट वाटून, त्याचं त्यालाच कळेना. सुताराचंही तसंच ठरलेलं होतं का, हे त्याला विचारायचं होतं, पण ते लेकीला तरी कुठून माहीत असणार. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

फोन वाजला. साहेब होते. “काय ठरलं?”

“ठरलं काहीच नाही, साहेब. काही कळतच नाहीये. पण उद्या कामावर येतो. गाडी दुसऱ्याला देऊ नका.”

फोन ठेवून त्याने नाक पुसलं.

“बंद करू गेम?” लेकीने विचारलं.

“थांब जरा,” तो म्हणाला. डोंगरामागून जाणारी एक वाट अजून बघायची राहिली होती. त्याने घोडा तिकडे वळवला.