भावोजींची दहा मिनिटं

माझे भावोजी प्रोग्रॅमर आहेत, असं आमच्या घरात बारा वर्षं सगळे धरून चालले होते. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा पासवर्ड हरवला, की भावोजींना फोन. मग ते येणार, बाह्या सरसावून बसणार, यंत्र दोनदा बंद-चालू करणार, आणि ते मुकाट्याने चालायला लागणार. माझी आई जावयाचं कौतुक करताना थकायची नाही. मी स्वतः प्रोग्रॅमर, एका कंपनीत पंधरा जणांची टीम सांभाळते, पण मला कुणी साध्या प्रिंटरसाठीही कधी बोलावलं नाही. या गोष्टीचा मला मनातून राग यायचा, हे आधीच कबूल करते.

एका मंगळवारी संध्याकाळी भावोजी एकटेच माझ्या दारात उभे राहिले. एरवी ते आले की जिन्यातूनच "मेव्हणीबाई, चहा टाका" अशी आरोळी यायची. त्या दिवशी आत येऊन त्यांनी स्वतःच दार लावलं.

"आमची कंपनी विकली गेली," ते म्हणाले. "नवे मालक सगळ्यांची परीक्षा घेणार. पुढच्या बुधवारी. एक सोपा प्रोग्रॅम, दहा मिनिटं. जमला तर राहायचं, नाही जमला तर घरी."

"मग तुम्हाला कसली काळजी? उलट बसल्या जागी शाबासकी."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"प्रोग्रॅमिंग."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. आमचं नातंच तसं आहे; ते मला टोमणे मारणार, मी ते सव्याज परत करणार. पण त्यांचे कान लाल झाले होते आणि ते माझ्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत होते. मी लॅपटॉप उघडला, कोरी फाइल काढली आणि आमच्याकडे येणाऱ्या उमेदवारांना मी सगळ्यात आधी देते तोच प्रश्न त्यांना दिला. एक ते शंभर आकडे छापायचे. तीनने भाग जाणारा आकडा आला तर त्याऐवजी 'टाळी', पाचने जाणारा आला तर 'चुटकी', दोन्हींनी जाणारा आला तर 'टाळीचुटकी'. लहान मुलं गोल करून बसतात आणि खेळतात, तसला प्रकार. ज्याला हे काम येतं त्याला चार मिनिटं पुष्कळ.

भावोजींनी बोटं कीबोर्डवर ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. एक ओळ टाइप केली, सगळ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला असते ती. मग थांबले.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे मी एखादी जुनी फाइल उघडतो," ते म्हणाले. "म्हणजे, आधीच उघडतो. कोरी फाइल मी कधी उघडलीच नाही."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या ऑफिसात खिडकीजवळ एक माणूस बसतो. कुणाशी बोलत नाही, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात. काम मात्र असं स्वच्छ की नाव ठेवायला जागा नाही. भावोजी त्याची एखादी फाइल उचलायचे, तिची नक्कल करायचे, नावं बदलायची, आकडे बदलायचे, आणि चालली की दिली पुढे पाठवून. अडलं तर गोड बोलून कुणाला तरी विचारायचं. बदल्यात बोलायचं सगळं काम त्यांचं. ग्राहक तापले, तर भावोजी पुढे. साहेब मौनीबाबावर ओरडायला लागले आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना, की भावोजी मध्ये पडून वेळ मारून न्यायचे. बारा वर्षं असं चाललं होतं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणतात ते हेच.

मी भडकले. का भडकू नये? असल्या माणसांना गाळण्यासाठीच तर मी आमच्या कंपनीत ही परीक्षा सुरू केली होती. दहा उमेदवार आले की सहा जण इथेच गळतात. पदव्या ढीगभर, बोलणं लोण्यासारखं, आणि कोऱ्या स्क्रीनसमोर बसवलं की तोंडचं पाणी पळतं. त्यांना "कळवू" म्हणून वाटेला लावताना मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आता त्या सहांतला एक माझ्या स्वयंपाकघरात बसला होता आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

"ताईला माहीत आहे?"

"नाही. आणि तिला कळता कामा नये. बाकी जग हसलं तरी चालेल, पण तिच्यासमोर माझं पितळ उघडं पडलं तर मी त्या घरात कुठल्या तोंडाने राहू?"

त्या दिवसापासून आठ संध्याकाळी ते माझ्याकडे आले. ताईला सांगितलं, नवीन काहीतरी शिकतोय. ताई खूश, नवरा या वयातही शिकतोय म्हणून शेजारणीला सांगून आली. असल्या परीक्षेत फिरून फिरून तेच वीसेक प्रश्न येतात. सगळ्यात मोठा आकडा शोधा, शब्द उलटा करा, यादीत काय किती वेळा आलं ते मोजा. मी एकेक घेऊन समजावायला बसले. भावोजी मान हलवायचे, आणि मी पाठ वळवली की वहीत उत्तर उतरवून घ्यायचे. अक्षरन् अक्षर, कंसासकट.

"अहो, समजून घ्या! पाठ काय करताय?"

"समजून घ्यायला बारा वर्षं होती. आता आठ दिवस आहेत."

रविवारपर्यंत वीसच्या वीस उत्तरं त्यांना घडाघडा यायला लागली. मी मुद्दाम प्रश्न जरासा फिरवला. सगळ्यात मोठ्याऐवजी सगळ्यात लहान आकडा विचारला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि सगळ्यात मोठ्याचंच उत्तर लिहून माझ्याकडे आशेने पाहिलं. मला रडावं की ओरडावं कळेना. बुधवारपर्यंतच्या तिन्ही रात्री मला धड झोप लागली नाही.

बुधवारी मी ऑफिसात होते, पण नावालाच. सव्वाअकराला फोन वाजला.

"दुसरा सगळ्यात मोठा आकडा," भावोजी कुजबुजले. "वहीतला सातवा. सहा मिनिटांत लिहिला."

मी जिन्यात उभी राहून अक्षरशः उडी मारली. माझ्याच नियमाला मीच भोक पाडलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता. आपला तो बाब्या, दुसरं काय?

संध्याकाळी ताईकडे गेले तर ती आनंदाने बडबडत होती आणि भावोजी गप्प. मला सोडायला म्हणून खाली आले आणि फाटकाशी थांबले.

"मौनीबाबा नापास झाला."

"कसं शक्य आहे?"

"नवे साहेब शेजारी खुर्ची घेऊन बसतात. हातांकडे टक लावून बघतात. त्याचे हातच चालेनात. दहा मिनिटांत एक ओळ. आणि मी पास." त्यांनी फाटकाची कडी सरकवली. "नापास झालेल्यांना शुक्रवारी एक शेवटची संधी आहे. साहेबांना वेळ नाही, म्हणून पास झालेल्यांनी समोर बसायचं. सगळं रेकॉर्ड करायचं, साहेब नंतर बघणार. त्याच्यासमोर मला बसवलंय."

मी काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. "तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं झालंय ना? त्याचं तो बघेल."

भावोजी मान हलवून वर गेले.

शुक्रवारचं सगळं मला मागाहून कळलं, निम्मं भावोजींकडून आणि निम्मं चक्क मौनीबाबाकडून. खोली लहान, टेबल एक, खुर्च्या दोन. नियमाप्रमाणे भावोजींनी आधी रेकॉर्डिंग सुरू केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला; आता टाइप केलेलं दिसणार आणि बोललेलं ऐकू जाणार. मग त्यांनी प्रश्न वाचून दाखवला. यादीतला प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजायचं. मौनीबाबाने असलं काम डाव्या हाताने हजारदा केलं असेल. मदत करायला बंदी होती, आणि तशीही भावोजी कसली मदत करणार होते?

पहिलं मिनिट गेलं. मौनीबाबाचे दोन्ही हात गुडघ्यांवर. दुसरं गेलं. त्याने एक हात उचलून कीबोर्डवर ठेवला, तर बोटं अशी थरथरली की त्याने तो परत खाली घेतला. भावोजींनी आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. आपण बघत नाही म्हटल्यावर त्याला सुचेल, असं त्यांना वाटलं. चौथं मिनिट संपलं तरी मागे कळ दाबल्याचा एकही आवाज नाही. नुसता श्वासाचा आवाज, धावून आल्यासारखा. पाच मिनिटं झाली तेव्हा भावोजींनी खुर्ची परत वळवली. माणसाच्या गळ्याशी घामाचा ओघळ आलेला आणि डोळे त्या कोऱ्या स्क्रीनला चिकटलेले. हे डोळे भावोजींनी ओळखले. माझ्या घरी कोऱ्या फाइलसमोर त्यांचेही असेच झाले होते. फरक इतकाच, की या माणसाला येत होतं.

"बाबा, इकडे बघ," भावोजी म्हणाले. "तुला कुणाची भीती वाटतेय? माझी? अरे, मला यातलं ओ की ठो येत नाही. परवा मी पास झालो ते उत्तर पाठ केलं होतं म्हणून. मेव्हणीने पाठ करून घेतलं. बारा वर्षं मी तुझ्याच फायली उचलून नावं बदलतोय. मी तुझी काय परीक्षा घेणार?"

मौनीबाबाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग लाल ठिपक्याकडे.

"अहो, ते चालू आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. तू लिही."

"आणि फायलींचं मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. माझी एक चूक होती, तारखांची. ती तुमच्या प्रत्येक कामात, त्याच ओळीत निघायची. मी गुपचूप दुरुस्त करायचो."

"मेल्या, मग सांगायचं नाहीस?"

"बोलावं लागलं असतं ना," मौनीबाबा म्हणाला आणि हसला. भावोजी म्हणतात, बारा वर्षांत त्याला हसताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसताच त्याचे हात वर आले. मग जे सुरू झालं ते दहावं मिनिट संपायला चाळीस सेकंद असताना थांबलं, आणि प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला.

दुपारी साहेबांनी रेकॉर्डिंग पाहिलं. मौनीबाबा राहिला. भावोजींना आत बोलावून एकच प्रश्न विचारला, हे खरं आहे का, आणि भावोजी हो म्हणाले. महिनाअखेरीस निघायचं ठरलं. मी फोनवर तडतडले. म्हटलं, इतकी वर्षं ग्राहक कुणी सांभाळले? बोलायचं काम तरी द्यायचं होतं! "त्याला त्यांची माणसं आहेत," भावोजी शांतपणे म्हणाले. "ते राहू द्या. मी आत्ता घरी जातोय. तुम्ही याल का? एकट्याने सांगायला धीर होत नाही."

मी गेले. जाणं भाग होतं. त्या वहीत निम्मा हात माझा होता. ताई पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली होती. भावोजींनी बूटसुद्धा काढले नाहीत. दारातच उभे राहून सगळं सांगितलं, कोऱ्या फाइलपासून लाल ठिपक्यापर्यंत, एका दमात, आणि शेवटी म्हणाले, "नोकरी गेली. आणि ती कधी माझी नव्हतीच."

ताई आधी माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली. आमच्या ताईचा राग मला लहानपणापासून माहीत आहे. एकदा सुटला की समोरच्याची धडगत नसते. मी तो सुटायची वाट बघत राहिले. भावोजीही बघत होते. ताईच्या हातात त्यांचाच एक सदरा होता, अर्धा घडी झालेला.

"म्हणजे सकाळी मी डबा हातात द्यायचे," ती म्हणाली, "तू काहीतरी विनोद करून मला हसवायचास आणि जिना उतरायचास. तेव्हा तू घाबरलेला असायचास?"

"हो."

"रोज?"

त्यांनी नुसती मान हलवली.

"बारा वर्षं रोज? एकटाच?" ताईचा आवाज फाटला. तिने मांडीवरचे कपडे जमिनीवर लोटले, उठून त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तेव्हा कुठे भावोजी रडले. मी चपला पायांत घातल्या आणि दार ओढून घेतलं.