तेल गार करणारी जाळी

आमचे हे गिरणीत बॉयलर खात्यात होते. नळ्या, व्हॉल्व्ह आणि वाफ सोडून माणसाला जगात आणखी काही आवडू शकतं, हे त्यांना कधी पटलं नाही. म्हणून कुठल्याशा बड्या घरच्या गॅरेजात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली अमेरिकन गाडी त्यांनी भंगाराच्या भावात घरी आणली, तेव्हा मी नवल केलं नाही, नुसता डोक्याला हात लावला. ती दारात उभी केली की शेजारणीला पाण्याची घागर घेऊन अंग चोरून जावं लागे. आणि जाता जाता ती जे बोलायची ते मला ऐकावं लागे.

गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत. सोलापुरातल्या निम्म्या लोकांना हे खोटं वाटायचं आणि उरलेल्यांना पाप. आमच्या घरमालकांनी एकदा विचारलं, "मग डावा पाय काय करतो?" हे म्हणाले, "आराम करतो." घरमालक त्यावर बराच वेळ विचार करत ओट्यावर बसले होते.

त्या गिअरबॉक्सात लाल, पातळ तेल असे. ते मुंबईहून एसटीच्या पार्सलनं मागवावं लागे. दिसायला थेट कोकमाचं सरबत. क्लचचं काम ते तेल करतं, असं ह्यांनी मला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. फक्त ते तापता कामा नये. आमच्याकडच्या उन्हात ते तापायचं, करपायचं, आणि मग इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही.

"आपल्या थोरल्या जाऊबाईंसारखं," मी म्हणाले. हे हसले नाहीत. गाडीवरचे विनोद त्यांना चालत नसत.

दर रविवारी ते तेल मोजायची लांब पट्टी उपसून थेट स्वयंपाकघरात आणायचे आणि माझ्या नाकाखाली धरायचे. "करपलंय का बघ." करपल्याचा वास ओळखण्यात घरात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे पुढे मला सवयच झाली. एका हातानं फोडणी द्यायची आणि दुसरीकडे मान वळवून सांगायचं, "थोडं लागलंय, पण चालेल."

त्या वर्षी दिवाळीला आम्ही गाडी घेऊन माझ्या माहेरी, मोडनिंबला निघालो. गाव दोन मैलांवर आलं आणि गाडीनं मान टाकली. निरोप गेला, आणि आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलजोडी पाठवली. बैलांनी ती अमेरिकन गाडी वेशीतून आत ओढत आणली तेव्हा निम्मं गाव बघायला जमलं होतं. "जावईबापूंच्या गाडीला आमच्या बैलांचं इंजिन हाय," असं आबा पुढचे दोन बाजार ज्याला त्याला सांगत होते. हेही सगळ्यांबरोबर हसले. पण त्या दिवाळीत त्यांनी एका करंजीला हात लावला नाही. ते मी बघितलं आणि मला फार वाईट वाटलं. माझ्या बापाचा रागही आला.

पुढे धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा सोलापूरचाच, लग्न मोडनिंबला, वैशाखात, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. सुपारी फुटली त्याच दिवशी हे आबांसमोर जाऊन बसले. सासऱ्यांना ते मामा म्हणत.

"मामा, नवरदेवाला मी आणतो. माझ्या गाडीतनं."

"आणा की. बैलं जुपून ठिवू का?" आबा म्हणाले.

बैठकीत हशा पिकला. ह्यांचे कान लाल झाले. "गाडी स्वतःच्या चाकावर मुहूर्ताआधी मांडवाच्या दारात आली नाही, तर दुसऱ्या दिवशी विकून टाकतो," ते म्हणाले. चार पावण्यांसमोर शब्द गेला. आता मागे घ्यायची सोय राहिली नाही.

घरी आल्यावर ह्यांनी एका मिस्त्रींना गाठलं. दोघांनी मिळून ठरवलं की तेल गार करायला वेगळी जाळी बसवायची. मिस्त्रींनी भंगारातून कुठल्यातरी मोठ्या ट्रकची तेलाची जाळी शोधून आणली. पाटाएवढी, आतून नागमोडी नळी गेलेली. गिअरबॉक्सातलं तापलेलं तेल आधी गाडीच्या रेडिएटरमध्ये जायचं, तिथून ह्या जाळीत, आणि गार होऊन परत गिअरबॉक्सात. एवढंच काम होतं. पण त्यात माझे तीन रविवार गेले.

पहिला प्रश्न असा की दोन नळ्यांपैकी तेल परत येणारी नळी कोणती. मिस्त्री दारात येऊन अदबीनं म्हणाले, "भाभी, जरा परात देव. पाच मिनिट का काम है." मी भाकरीची परात दिली. त्यांनी एक नळी सोडून तिच्याखाली परात धरली आणि ह्यांनी इंजिन क्षणभर चालू केलं. तेल परातीत कमी आणि घरमालकांनी नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर जास्त गेलं. "मिल गया," मिस्त्री समाधानानं म्हणाले. घरमालक मात्र पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, की एवढं पान खाऊन कोण थुंकलं.

मग रबरी नळीचा घोळ. साधी पाण्याची नळी तेलानं फुगते, म्हणून तेलाला टिकणारी शोधण्यात एक आठवडा गेला. आणि शेवटी जाळी बसवायला जागाच पुरेना, तेव्हा मिस्त्रींनी करवत घेऊन गाडीच्या तोंडावरच्या चकचकीत पट्ट्या मधोमध कापून काढल्या. समोरचे चार दात पडलेल्या माणसासारखी ती गाडी दिसायला लागली. मधून ती काळी, तेलकट जाळी बाहेर डोकवायची. मला बघवेना.

पण काम झालं होतं. आम्ही भर दुपारी तुळजापूरला जाऊन आलो. घाट चढून वर गेल्यावर ह्यांनी गाडी थांबवली आणि मला खाली उतरवलं. "जाळीत जाते त्या नळीला बोट लाव. आता जाळीतून परत येते तिला लाव." एक चटका बसावा अशी, दुसरी कोमट. मी वास घेतला. काही नाही. ह्यांच्या तोंडावर असा आनंद मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "लग्नात माझं काही कौशल्य नव्हतं."

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेवाच्या दारात गाडी सजवायचं काम माझ्याकडे आलं. हे आत फेटा बांधून घेत होते. टपावर माळा सोडल्या, दारांना आंब्याची पानं बांधली. पण समोर येऊन उभं राहिलं की ती जाळी. नवरदेवाच्या घरच्या बायका तिच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. माझ्या बहिणीचा नवरदेव असल्या बोळक्या गाडीतून जाणार, हे काही माझ्या मनाला पटेना.

आहेरासाठी घेतलेली कोरी चादर माझ्या पिशवीत होती. लाल जमिनीवर मोर. ती मी गाडीच्या तोंडावरून बांधली, अगदी ताणून, चारही टोकं माळांखाली लपवून. काय शोभा आली म्हणून सांगू. आणि तेवढ्यात मला सुचलं. हे महिनाभर जाळी गार राहायला हवी, गार राहायला हवी म्हणून घोकत होते. उन्हाळ्यात आपण पाण्याच्या माठाला काय करतो? ओलं फडकं गुंडाळतो. मी दोन बादल्या पाणी आणून चादर चिंब केली. जाळीही झाकली आणि गारवाही झाला. बॉयलर खात्याला महिन्यात जे सुचलं नाही ते मला पाच मिनिटांत सुचलं, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. ह्यांना मुद्दामच सांगितलं नाही. मोडनिंबला पोचल्यावर सांगायचं ठरवलं होतं.

हे आले ते मागच्या बाजूनं, घाईत. समोर औक्षणाची गर्दी. थेट चाकामागे जाऊन बसले. मागे नवरदेव, त्याचा थोरला भाऊ आणि मी.

मोहोळपर्यंत गाडी पाण्यावर होडी जावी तशी गेली. मोहोळ सोडलं आणि मला वास आला. आधी मी मनातल्या मनात तो वास कुणाच्यातरी शेतावर ढकलला. मग इंजिन ओरडायला लागलं, समोरून वाफ आली, आणि गाडी हळू हळू होत बाभळीखाली उभी राहिली. हे उतरून समोर गेले. मी त्यांच्यामागे.

वैशाखातल्या वाऱ्यानं चादर केव्हाच वाळली होती आणि पापडासारखी तोंडाला चिकटून बसली होती. जाळीलाही वारा नाही, रेडिएटरलाही नाही. ह्यांनी ती ओढून काढली. बोटं भाजली, ती फुंकत त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोरांकडे बघत होते. त्या क्षणी मला सगळं समजलं, वाऱ्याचं आणि जाळीचं. महिनाभर कान देऊन ऐकलं असतं तर आधीच समजलं असतं.

"काय झालं?" नवरदेवाच्या भावानं विचारलं.

"फिटिंग कच्चं राहिलं," हे म्हणाले. "माझी चूक."

सव्वाअकरा झाले होते. गाडी गार व्हायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मोडनिंबच्या बाजाराला निघालेला शेळ्यांचा ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "बसा की. शेरडं काय खात न्हाईत." नवरदेवाला त्यानं शेजारी घेतलं. हे गाडीपाशीच थांबले; भाऊ आणि मी मागे, शेळ्यांत. त्या काय खात नाहीत हे मला कळलं नाही, कारण मोहोळ ते मोडनिंब त्यांनी माझा गजरा, भावाच्या फेट्याचा शेमला आणि आहेराच्या यादीचा कागद खाल्ला.

वेशीत आबा वाजंत्री घेऊन उभे होते. मुंडावळ्या सावरत ट्रकमधून उतरणारा जावई आणि मागे बँऽऽ करणाऱ्या शेळ्या बघून ते म्हणाले, "बैलं परवडली की."

अक्षता वेळेवर पडल्या, एवढं देवानं राखलं. पुरुषांची पंगत बसली आणि दारात हॉर्न वाजला. गाडी गार होऊन, स्वतःच्या चाकावर, कसलीही कुरकुर न करता आली होती. बघायला वाजंत्री तेवढे होते, आणि तेही जेवत होते.

हे हात धुऊन पंगतीला बसले. आबा तूप वाढत आले. "काय जावईबापू, ह्या डावाला शेळ्या. म्होरल्या डावाला कोंबड्या का?"

"फिटिंग कच्चं राहिलं, मामा," हे खाली बघून म्हणाले. "गाडी विकतो. शब्द दिलाय."

मी जिलबीचं ताट घेऊन पंगतीत वाढत होते. मला राहवलं नाही. तिथेच उभी राहून म्हणाले, "आबा, ह्यांची चूक न्हाय. जाळी चांगली हुती. तिच्यावर वली चादर मी बांदली, म्हनून गाडी तापली."

मग चुलती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बगा, लेक असावी तर आशी. नवऱ्यावरचा आळ आपल्या अंगावर घेती."

"आवं खरंच," मी म्हणाले. धावत जाऊन गाडीतून चादर आणली. ती खडखडीत वाळलेली, ओलेपणाची खूणसुद्धा नाही. एक म्हातारे पावणे ती चाचपून म्हणाले, "कोरी हाय की. आन गाडीला वली चादर कोन घालतंय? ही काय येडी हाय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माहेरी माझ्याबद्दल फार चांगलं मत होतं, तेच नडलं. मी जितकं समजावत गेले तितकी पतिव्रता होत गेले. आबांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, गाडी कशी का आसंना. बायकू लाखात येक मिळाली तुमाला."

"व्हय मामा," हे म्हणाले आणि आणखी एक जिलबी मागून घेतली.

परतीच्या वाटेवर मी रडले. "गाडी विकू नका. चूक माझी आहे, तुम्हांला माहीत आहे," म्हणाले. ते म्हणाले, "मला माहीत असून काय उपयोग. शब्द मामांना दिलाय." बाकी पूर्ण रस्ता ते नळ्यांबद्दल बोलत राहिले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सगळं लक्ष देऊन ऐकलं.

पंधरा दिवसांनी बार्शीचे एक व्यापारी गाडी घेऊन जायला आले. हे त्यांना बारीकसारीक सांगत होते, तेल कुठून मागवायचं, पट्टी कशी बघायची. मी दाराआड चहा घेऊन उभी होते.

"आणि एक लक्षात ठेवा. ह्या जाळीसमोर कधी काही झाकायचं नाही."

व्यापारी हसले. "आसलं येडं काम कोन करंल?"

"कोणी करत नाही," हे म्हणाले. "आपलं सांगून ठेवलेलं बरं."