पायडल मीच मारत होते

दिवाळीनंतर डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा एक्सरे उजेडासमोर धरला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, “लांब चालणं बंद. सायकल चालवा. आणि काहीही करून वजन उतरवा.”

वजनाचा आकडा मी इथे सांगणार नाही. घरी सांगितला नव्हता, तर तुम्हाला कशाला सांगू? एवढंच सांगते, की आमच्या डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत फळं निवडायला बसले की उठताना दोन बायकांना हात द्यावा लागायचा. त्या हसत नसत. हसत नसत, म्हणूनच मला संशय यायचा की मी आत गेल्यावर हसत असतील.

पुतणीची साधी सायकल घेऊन पाहिली. वाडीच्या फाटकापासून मुख्य रस्त्याला लागणारा छोटा चढ आहे. तिथे निम्म्यावरच मला धाप लागली, तोल गेला आणि मी कुंपणाला धरून उभी राहिले. मागचा टायर दबून चाकाची रिम पार जमिनीला टेकली होती. त्यानंतर मी सायकलचं नाव काढलं नाही.

माझं माहेर उधव्याचं. तिकडे माझा धाकटा भाऊ शेती करतो. त्याने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, “ताई, बॅटरीची सायकल घे. पायडल तूच मारायचं, चढावर मोटर नुसती हात देते. आमच्याकडून गुजरात जवळ. पलीकडच्या दुकानांत दहा प्रकार मिळतात. तू ये, मी घेऊन जातो.”

“बॅटरीवर चालली, तर वजन कशाने उतरणार?” मी विचारलं.

“तू ये तर खरी.”

पहिल्या दुकानातला माणूस फार गोड बोलला. मला पाहताच खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, निळ्या रंगाची देखणी सायकल पुढे आणली. “बेन, टेन्शन नथी. दोघं बसा, तिघं बसा, काही होणार नाही.” एवढं गोड कोणी बोललं की मी सावध होते. सायकलच्या दांडीवर खालच्या बाजूला एक पांढरं स्टिकर होतं. वाचायला मी वाकले, तर त्याने सहज ठेवावा तसा हात नेमका त्याच्यावर ठेवला.

“हात काढा,” मी म्हटलं.

सायकल जास्तीत जास्त किती वजन पेलेल, ते तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं. मी त्याच्या बरीच पुढे होते. भाऊ खाली मान घालून टायर बघायला लागला. मी पाणी न पिता बाहेर आले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं होतं असं मी भावाला सांगितलं.

दुसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक बाई होती. तिने सायकल दाखवण्याआधीच काउंटरवरून पुढे झुकून हळूच विचारलं, “बेन, वजन केटलुं?”

मला वाटलं, आता ही चेष्टा करणार. तरीही आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच खरा सांगितला. तिने नुसती मान हलवली आणि आतून जाड टायरची, रुंद सीटची, अजिबात देखणी नसलेली एक काळी सायकल काढायला लावली. हँडलवर ॲक्सिलरेटर होता. तो पिळला की पाय न हलवताही सायकल पळायची.

“हा काढून टाका,” मी म्हटलं.

“का? वापरू नका, पण असू द्या.”

“माझा माझ्यावर भरवसा नाही.”

ती हसली आणि मेकॅनिककडून तो काढून घेतला. आता पाय मारल्याशिवाय मोटर चालू होणार नव्हती. भावाने वर त्याचं एक नारिंगी चमकणारं जॅकेट दिलं, ट्रकवाल्यांना लांबून दिसावं म्हणून. हेल्मेट मी स्वतः घेतलं.

घरी नवऱ्याने सायकलभोवती एक फेरी मारली. “म्हणजे मोटर पळणार आणि तू बसणार. मग आपली स्कूटर काय वाईट होती?”

“पायडल मारावं लागतं.”

“हो का?” तो म्हणाला. त्याचं ते ‘हो का’ मी लग्नापासून ओळखते.

रोज पहाटे मी धाकटी डहाणूच्या वाटेला लागायची. पहिले काही दिवस पोटऱ्या अशा दुखल्या की जिन्यावरून उलटं उतरावं लागलं. पण चढावर पाय दाबला की मागून कोणीतरी पाठीला हात लावल्यासारखं वाटायचं आणि कुंपण मागे पडायचं. घाम यायचा. धाप लागायची, पण सोसेल एवढीच. हे मी घरी सांगितलं, तर नवरा म्हणाला, “घाम काय, उन्हात उभं राहिलं तरी येतो.” सासूबाईंची नजर माझ्या ताटातल्या भाकऱ्यांवर असायची. वजनकाट्यावर थोडा फरक दिसला, तेव्हा तर मीच काटा हलवून, दुसऱ्या फरशीवर ठेवून पुन्हा उभी राहिले. मलाही पटत नव्हतं.

एक दिवस हँडलच्या आरशात मागे लांबवर एक स्कूटर दिसली. मी थांबले की ती थांबायची. कोण असेल, ते चालवण्याच्या पद्धतीवरून लगेच कळलं. मी मागे वळून पाहिलं नाही. उलट जरा जास्त लांब जायचं ठरवलं आणि वाढवणच्या दिशेने निघाले.

तिकडे होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात किती वर्षं धुमसतंय, मोजणीला आलेल्या सर्वेवाल्यांना गावकरी कसे परत पाठवतात, ते आम्हाला माहीत होतं. पण सायकलवरच्या एका बाईचा त्याच्याशी संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गावाजवळ मासे सुकवायच्या जागेशी पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांतली एक, वयाने मोठी आणि माझ्याच अंगाची, रस्त्याच्या मधोमध आली.

“थांब. कुठशी आलीस?”

मी सांगितलं.

“हा मीटर कसला?” तिने हँडलवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. “आणि हा फोन असा पुढे कशाला लावलाय? फोटो काढते?”

“बॅटरी किती उरली ते दिसतं त्यात. फोनवर नुसतं किती लांब आले ते बघते.”

“म्हणजे मोजतेच हाय,” मागची एक तरुण मुलगी म्हणाली. “जॅकेट बघा तिचं. सर्वेवाल्यांचंच हाय.”

मी अंगावरच्या नारिंगी जॅकेटकडे पाहिलं. त्यांच्या जागी मी असते, तर मीही विश्वास ठेवला नसता.

“अहो, मी वजन कमी करायला फिरते.”

“बॅटरीच्या गाडीवर?” मोठी बाई म्हणाली. “वजन कमी करायला बॅटरीची गाडी! कोणाला शेंड्या लावते?”

तेवढ्यात दुसरी ओरडली, “मावशी, तो बघ! मागून एक माणूस पण आलाय. झाडामागे थांबलाय.”

दोघीजणी गेल्या आणि नवऱ्याला स्कूटरसकट घेऊन आल्या. त्याचा चेहरा पडला होता.

“हा कोण?”

“माझा नवरा,” मी म्हटलं.

“मग लपून कशाला येतो?”

सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या. मीही बघायला लागले. हा प्रश्न मलाही विचारायचाच होता.

“मी...” त्याने घसा साफ केला. “ती पायडल मारते की नुसती बसते, ते बघत होतो.”

मग ती तरुण मुलगी तोंडावर हात ठेवून हसली आणि तिच्यामागोमाग सगळ्याच. मावशी मात्र हसली नाही. “तुला खरं वाटत नाय ना? मला पण नाय वाटत. उतर ग खाली.”

तिने साडीचा काष्टा घट्ट केला आणि सायकलवर बसली. दोघींनी धरलं. लहानपणी चालवलेली असावी. ती पाय न हलवता तशीच बसून राहिली. सायकल जागची हलली नाही. हँडल पिळून पाहिलं, बटणं दाबून पाहिली. काही नाही. मग तिने पाय मारला, सायकल पुढे झाली आणि तिच्या तोंडून “आयो!” निघालं. सुकत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांपर्यंत जाऊन, वळून ती परत आली. उतरली तेव्हा धापा टाकत होती.

“पाय मारायलाच लागतो,” ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. “ही खोटं नाय बोलत. गुडघ्यावर भार मात्र येत नाय.” मग माझ्याकडे वळली. “पण फोन पिशवीत टाक. आणि परत आलीस तर ते जॅकेट नको.”

“म्हणजे अजून तुमचा विश्वास नाही?”

“तुझ्यावर बसला. गाव मोठं हाय.”

परतताना नवरा स्कूटर माझ्या बाजूने हळूहळू चालवत होता. म्हणाला, “उगाच आलो मागे.” मला राग होता. पण तो एवढ्या लांब इतक्या पहाटे उठून आला होता, हेही मनात राहिलं.

उन्हाळ्यापर्यंत ब्लाउज सैल झाले, फळं निवडताना एका हाताच्या आधाराने उठता यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बरं चाललंय, पण अजून बरंच उतरवायचंय. मध्येच आकडा अडतो. तेव्हा मी जेवणावर, काट्यावर, बॅटरीवर, सगळ्यांवर संशय घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. जॅकेट भावाला परत केलं. आता पिवळी ओढणी बांधते.

वाढवणच्या वाटेवर ती मावशी भेटली की मी थांबते. ती सायकलवर एक चक्कर मारते, मग आम्ही गुडघ्यांचं बोलतो. परवा तशाच उभ्या होतो, तर एक पांढरी जीप येऊन थांबली. आतल्या शर्ट खोचलेल्या माणसाने काच खाली केली आणि समुद्राकडे जाणारा रस्ता कुठला, असं विचारलं. मागच्या सीटवर कसली तरी लांब पेटी आणि मोजणीची तिपाई होती. मावशीने माझ्याकडे पाहिलं. रस्ता मला माहीत होता.

“कोणाकडे जायचंय तुम्हाला?” मी विचारलं.