ट्रेनिंगला जागी राहिलेली माणसं

ट्रेनिंग डिपार्टमेंटमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साचतात. वाळलेली मार्कर पेनं आणि किस्से. पेनं टाकून देता येतात. किस्से टाकायला जावं तर जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो देवरेंचा सांगा ना!"

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी ट्रेनिंग बघते. आम्ही इलेक्ट्रिकचे पॅनल बनवतो. माणसं मशीनसमोर तासन् तास उभी राहतात, तेव्हा डोळ्याला डोळा लागत नाही. ट्रेनिंग हॉलमधल्या खुर्चीला पाठ टेकली की मात्र संपलं! त्या खुर्चीशी माझी लढाई चालू आहे, आणि हे सगळे किस्से त्या लढाईतलेच.

तर आधी देवरेंचा.

*

देवरे आमचे सेफ्टी ऑफिसर. सटाण्याकडचे. एरवी बोलणं एकदम ऑफिसातलं, पण रंगात आले की थेट अहिराणीवर उतरतात.

त्या दिवशी कॅन्टीनला जिलबी होती आणि जेवणानंतर लगेच आगीपासून बचाव हा विषय. देवरेंनी स्लाइड लावल्या. तिसऱ्या स्लाइडला अर्धा हॉल गेला. पाचव्याला मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला. देवरे थांबले. मग अगदी हळू, कुणाच्या कानात सांगावं तसं म्हणाले, "आणि अशा प्रकारे आजचं सेशन संपलं. धन्यवाद."

खाडकन सगळा हॉल जागा! टाळ्यांचा कडकडाट! काही जण तर उभेही राहिले.

देवरे गोड हसले.

"बसा, बसा. आते सुरू करस मी!"

*

पण घरी जाताना देवरे माझ्याशी फारसं बोलले नाहीत. गेटपाशी एवढंच म्हणाले, "मॅडम, हसले ते ठीक. पण उद्या खरंच आग लागली तर यांना काय आठवेल? जिलबी?"

पुढच्या सेशनला त्यांनी लॅपटॉप आणलाच नाही. सगळ्यांना मागच्या मोकळ्या जागेत नेलं, लोखंडी ट्रेमध्ये आग पेटवली आणि प्रत्येकाच्या हातात आग विझवायचा लाल सिलेंडर दिला. "सांगणार नाही. विझवा!"

आमचे एचआरचे साठे साहेब फोटो काढायला आले होते. गंगापूर रोडचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आधीच पांढरे केस. असेंब्लीतल्या शोभाताईंची पाळी आली. त्यांना त्या सिलेंडरच्या आवाजाचीच भीती. त्यांनी डोळे घट्ट मिटले, पिन काढली आणि दाबलं. नेमका तेव्हाच वारा फिरला!

पावडर खाली बसली तेव्हा ट्रेमधली आग विझली होती. साठे साहेब भुवयांपासून बुटांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे उभे! कुणाची हसायची हिंमत होईना. शोभाताईंनी एक डोळा उघडला.

"अगंबाई! साहेब, तुम्हाला पण विझवलं का मी?"

पहिले हसले ते साठे साहेब. तोंडातली पावडर थुंकून म्हणाले, "वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, हे मी दरवर्षी वाचून दाखवतो. कळलं आज!"

त्यानंतर आमच्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारा, वाऱ्याकडे काय करायचं. उत्तर पाठ असतं. आणि उत्तर देताना हसू आवरत नाही.

*

एकदा पुण्याहून एक ट्रेनर मागवले होते. फारच उत्साही. आल्या आल्या सगळ्यांना गोल उभं केलं, हातात चेंडू दिला. "ज्याच्याकडे चेंडू, त्याने सांगायचं, मला कोणता प्राणी व्हायला आवडेल आणि का!"

वाघ झाले. सिंह झाले. दोन गरुड झाले. गोल मोठा, प्रत्येकाला 'का' सांगायचं, घड्याळाचा काटा सरकत होता. शेवटी चेंडू देवरेंकडे आला.

"हां, तुम्ही कोण?"

"सर, जो प्राणी जेवणाच्या सुट्टीत जेवतो, तो. कोणताही चालेल."

*

मी एक सवय लावली आहे. सेशन संपताना सांगते, "आज जे शिकलात ते घरी जाऊन एका माणसाला शिकवा." दुसऱ्याला शिकवल्याशिवाय आपल्याला आलंय का ते कळत नाही, म्हणून.

खैरनार आमचा मेंटेनन्सचा फिटर. त्या दिवशीचा विषय त्याच्या रोजच्या कामाचा होता. मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, वर लाल टॅग टांगायचा. आणि कुलूप ज्याचं, त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण आत कुणाचा तरी जीव असतो.

खैरनारने इमानदारीत बायकोला शिकवलं. आठवड्याभराने पडलेला चेहरा घेऊन माझ्यासमोर उभा.

"मॅडम, टीव्ही बंद आहे."

"बिघडला?"

"बिघडला नाही हो. मुलीची दहावी आहे. बायकोने टीव्हीचा प्लग स्टीलच्या डब्यात घातला, डब्याला कुलूप लावलं. वर लाल रिबिनीत पुठ्ठा. 'काम चालू आहे.' आणि आज मॅच आहे!"

"अरे, मग काढ ना कुलूप."

"कसं काढू? कुलूप ज्याचं त्यानंच काढायचं! काल नुसता डब्याला हात लावला तर मुलीनेच ओरडून नियम सांगितला!"

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे खैरनार घेऊन आला, पण म्हणाला, "हे तिच्या आईने तुमच्यासाठी दिलेत. माझा काही संबंध नाही."

*

हा जरा वेगळा आहे. हसू येतं, पण थोडं उशिरा.

भामरे म्हणजे आमचे शॉप फ्लोअरचे सुपरवायझर. कामात वाघ, जिभेला हाड नाही. त्यांच्या टीमचं ट्रेनिंग होतं, आपसात बोलावं कसं यावर. मी म्हटलं, भाषण नको, नाटक करू. भामरे कामगार होतील आणि संतू सुपरवायझर. संतू त्यांच्याच लाइनवरचा, मोजकं बोलणारा पोरगा.

संतूने खुर्चीवर बसून पाय पसरले, चष्मा नाकावर ओढला आणि मान वर न करता विचारलं, "काय रे, इथं काय सासुरवाडीला आलास?" हुबेहूब भामरे! हॉल हसून लोटपोट.

भामरेही हसले. मग भूमिकेत शिरून म्हणाले, "साहेब, उद्या अर्धा दिवस सुट्टी पाहिजे होती. मुलीचं गॅदरिंग आहे."

"जमणार नाय."

"साहेब, तिचा नाच आहे."

"मग मी काय करू? मी नाचू?"

पुन्हा हशा. पण भामरेंचा आवाज चढला. "अहो, पण पोरगी वाट बघेल हो! एकदा मान वर करून ऐका तरी!"

संतूने मान वर केली. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "भामरे साहेब, मागच्या महिन्यात माझ्या पोरीचा नाच होता."

भामरे संतूजवळ गेले. मग म्हणाले, "व्हिडिओ आहे का रे?"

संतूने मोबाइल काढला. ब्रेकमध्ये सगळे चहाला गेले आणि भामरे त्या एवढ्याशा स्क्रीनवर वाकून नाच बघत बसले. दोनदा बघितला. ट्रेनिंग मात्र आम्ही तिथंच संपवलं. आणखी काय शिकवणार!

*

आता शेवटचा.

माणूस अचानक कोसळला, श्वास थांबला, तर छाती कशी दाबायची, हे आम्ही एका रबरी पुतळ्यावर शिकवतो. पुतळ्याला हात लावायला सगळे लाजतात. लावलाच तर दाबण्याची गती चुकते. कुणी रांगतंय, कुणी धावतंय. मी हैराण. तेवढ्यात पॅकिंगमधला रवी पुढे आला. तो ढोल पथकात वाजवतो. म्हणाला, "मॅडम, ही तर आमच्या ढोलाची चाल आहे." आणि त्याने टेबलावर ठेका धरला. नाशिकच्या माणसाला ढोलाचा ठेका शिकवावा लागतो होय! सगळा हॉल टेबलं वाजवायला लागला आणि एकेकाचे हात बरोबर पडायला लागले.

काही महिन्यांनी एका सकाळी रवी फुलबाजारात हार घ्यायला गेला होता. समोर झेंडूचे क्रेट उतरवणारे एक म्हातारे शेतकरी कोसळले. श्वास नाही. रवीने गुडघे टेकले, एकाला अँब्युलन्सला फोन करायला लावलं, छाती दाबायला घेतली आणि गर्दीवर ओरडला, "नुसते बघू नका, टाळ्या वाजवा! मी सांगतो त्या तालात!" अख्खा फुलबाजार अँब्युलन्स येईपर्यंत तालात टाळ्या वाजवत होता. ते बाबा वाचले.

बरे झाल्यावर एक दिवस ते कारखान्याच्या गेटवर आले. बरोबर त्यांची कारभारीण, हातात झेंडूचा भलामोठा हार. मी विचारलं, "बाबांचं नाव काय, मावशी?" मावशींनी पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. "सांगा की." बाबाच म्हणाले, "पुंजाराम."

हार रवीच्या गळ्यात पडला. रवी लाजून लाल. चहा झाला, पण मावशी काही उठेनात. म्हणाल्या, "बाई, ते दाबायचं मलाबी शिकवा. मळ्यात आमी दोघंच असतो. तिथं कोन येनार?"

बाबांना मागच्या खुर्चीवर बसवलं. मावशींनी पदर खोचला, पुतळ्याशेजारी बसल्या. त्याच्या छातीवर थेट हात ठेवायला निघाल्या तसं मी थांबवलं.

"थांबा मावशी. आधी हाक मारायची. शुद्धीवर आहे का बघायचं. नावानं मारायची, आणि चांगली मोठ्यानं."

"कोनाच्या नावानं?"

"आपलंच माणूस पडलंय असं समजा."

मावशी पुतळ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी दोन्ही हात पुतळ्याच्या खांद्यांवर ठेवले, तो गदागदा हलवला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की दारातला वॉचमन आत डोकावला.

"पुंजाराम! अहो, पुंजाराम!"

मागच्या खुर्चीतून बाबा ताडकन उभे राहिले.

"ओ!"