पूल नसलेलं राज्य

मागच्या वर्षी गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी दुपारी मुखेडमधल्या आमच्या गल्लीच्या मंडळाने देखाव्यातले तीन लोखंडी पूल काढून टाकले. परीक्षक त्याच संध्याकाळी येणार होते.

देखावा माझ्या भाचीने सुचवला होता. ती नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय इतिहास. स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं आणि दक्षिणेचं मॅन बेट मिळून एक राज्य होतं. नॉर्वेतून जहाजांनी आलेले लोक तिथल्या गेल नावाच्या मूळ लोकांत मिसळले, सोयरिकी झाल्या, त्यांचेच राजे झाले. हे राज्य कसं उभं राहिलं आणि कसं पडलं, ते तिला दाखवायचं होतं.

मंडळाच्या अध्यक्षांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बैठकीत ते म्हणाले, "आगं माय, त्या गोऱ्यायचं आन् आपलं काय नातं?"

"गोष्टीला नातं कामून लागतंय, मामा? मागच्या साली समद्या मंडळांनी एकच किल्ला केला. परीक्षकाला वाटलं, आपन फिरून त्याच मंडळात आलाव."

लोक हसले. विषय मंजूर झाला.

पोत्यांवर माती लिंपून बेटं झाली. निळी ताडपत्री अंथरून समुद्र झाला. सायकलच्या चेनवर फिरणारं जहाज झालं. परीक्षा आटोपून भाची सहाव्या दिवशी गावी आली, तेव्हा प्रत्येक बेट शेजारच्या बेटाला खऱ्या माणसाचं वजन पेलेल अशा लोखंडी पुलाने जोडलेलं होतं, कठड्यांसकट.

ते काम गल्लीतल्या वेल्डरचं. त्यांचं मूळ गाव नदीपलीकडे आहे. पावसाळ्यात तिथला पूल पाण्याखाली जातो आणि एसटी अलीकडूनच परत फिरते.

"बेट म्हणल्यावर पूल नको का?" ते म्हणाले. "मानसं बाजाराला जातील कशी?"

"मामा, त्या लोकायचा रस्ता म्हंजीच पानी. राजानं बोलावलं की बेटाबेटावरून होड्या निघायच्या. पानी हातातून गेलं तव्हा राज्य गेलं. पूल ठिवला तर राज्य कामून पडलं, ते सांगताच येत न्हाई."

अध्यक्ष मध्ये पडले. "पूल ऱ्हाऊ दे. काम दिसतंय. परीक्षक काम बगत्यात."

"मग निवेदन तुमीच करा."

निवेदन तिनेच लिहिलं होतं आणि दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. अध्यक्ष उठून गेले. जाताना म्हणाले, "बक्षीस गेलं तर गल्लीत तोंड दाखवू नको."

"तोंड दाखवायलाच माइक घेतलाय, मामा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेल्डर पाना घेऊन आले. बोल्ट काढता काढता बोलले, "केल्यालं काम उकलून राहिलोय मी. ह्या पुलायचं आता काय करू?"

"नाल्यावर टाका," भाची म्हणाली.

संध्याकाळी तीन परीक्षक आले. भाचीने सुरुवात केली. सन १०७९. एक लढवय्या मॅन बेटावर दोनदा हरला. तिसऱ्यांदा त्याने माणसं डोंगरावरच्या झाडीत लपवली आणि बेट जिंकलं. सन ११५६. भर हिवाळ्यात जहाजं जहाजांशी लढली आणि राज्याचे दोन तुकडे झाले. जहाज फिरत होतं. एकदा चेन उतरली, ती चढवली गेली.

मुख्य परीक्षकांनी हात वर केला. "ताई, काही स्थानिक संदर्भ आहे का? नसेल तर थांबवा. पुढची मंडळं राहिलीत."

"अजून राज्य पडायचं हाय, सर," भाची म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

सन १२६५. मॅनचा शेवटचा राजा वारला. सन १२६६. नॉर्वेच्या राजाने तह करून बेटं स्कॉटलंडच्या राजाला दिली. बेटांवरच्या लोकांना कुणी विचारल्याची नोंद मला सापडली नाही, असं तिने माइकवर सांगितलं. तोवर परीक्षक जीपमध्ये बसले होते. गर्दी मात्र उभी होती.

पुढच्या ओळीत बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मंग गप बसले व्हय ते?"

"न्हाई आजी. नऊ वर्षांनी उठले."

"जिंकले?"

"हरले."

"पन उठले म्हन की," आजी म्हणाल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पुन्यांदा लावा!" देखावा पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला. जहाज अध्यक्षांनी स्वतः फिरवलं.

पहिलं बक्षीस एका किल्ल्याला मिळालं. आमच्या गल्लीला कोणतंच बक्षीस मिळालं नाही. यंदाच्या बैठकीत निवेदन पुन्हा भाचीकडे देण्यात आलं. तीनपैकी एक पूल वेल्डरने गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर बसवला आहे. सकाळी दूधवाल्याची मोटारसायकल त्यावरून येते.